पायथन डिस्क्रिप्टर : फील्ड तपासायचंही आहे आणि डेटाबेसमध्ये टिकवायचंही आहे, व्हॅल्यू ठेवायची कुठे?

पेठेतला_पुस्तकवाला

नमस्कार मंडळी. अप्पा बळवंत चौकात मामाचं पुस्तकांचं दुकान आहे, कोरी पण विकतो आणि जुनी पण घेतो-देतो, त्याच्यासाठी स्टॉकचा एक छोटा प्रोग्रॅम करतोय. पायथन आणि एसक्यूलाइट (एकाच फाइलमध्ये मावणारा डेटाबेस), एकच कॉम्प्युटर, काउंटरवर मामा नाहीतर दुकानातला पोरगा. जूनची गर्दी सुरू व्हायच्या आत चालू करायचंय.

पुस्तक नावाचा क्लास आहे. त्यात नाव, आयएसबीएन, छापील_किंमत, विक्री_किंमत, कोऱ्या_प्रती, जुन्या_प्रती आणि विषय (ही लिस्ट आहे) अशी फील्डं. नावं देवनागरीतच ठेवलीत, पायथन ३ ला चालतात, मामाला कोड दाखवला तर निदान नावं तरी वाचता येतात. आधी प्रत्येक फील्डला प्रॉपर्टी लिहित होतो पण तेच तेच गेटर-सेटर परत परत, प्रती निगेटिव्ह नको हीच अट दोन ठिकाणी, म्हणून डिस्क्रिप्टरवर आलो (फील्ड वाचताना-लिहिताना काय करायचं ते ठरवणारा, परत परत वापरता येणारा ऑब्जेक्ट). पायथनच्या अधिकृत डिस्क्रिप्टर गाइडमध्ये छोट्या ओआरएमचं (क्लासची ऑब्जेक्टं डेटाबेसच्या ओळींशी जोडणारा कोड) उदाहरण आहे ना, ज्यात डंडर गेटमध्ये (डंडर म्हणजे नावाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोअर; फील्ड वाचलं की ही मेथड चालते) सिलेक्ट आणि डंडर सेटमध्ये (फील्डला व्हॅल्यू दिली की ही) अपडेट आणि लगेच कमिट (बदल डेटाबेसमध्ये पक्का करणं), तसंच केलंय, त्यात फक्त अपडेटच्या आधी तपासणी घातली.

चालतंय तसं. पण शंका आहेत. एक, दर वेळी किंमत नुसती वाचली तरी क्वेरी जाते हे बरं दिसत नाही, मग व्हॅल्यू मेमरीत ठेवायची तर ती डिस्क्रिप्टरमध्ये ठेवायची की ऑब्जेक्टमध्ये? दुसरं, सेव्ह नेमकं कधी करायचं? आणि तिसरं जे मला खरंच कळत नाहीये, विषय हे फील्ड मेमरीत ठेवून पाहिलं (डेटाबेसमध्ये जेसन, म्हणजे मजकूर करून टाकतो) तर विषय डॉट अपेंड केल्यावर स्क्रीनवर नवीन विषय दिसतो, प्रोग्रॅम बंद करून उघडला की गायब. एरर नाही काही नाही.

---

कर्वेरोडवरून

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपंय पण कारण समजून घ्या.

डिस्क्रिप्टर हा क्लासवर बसतो, ऑब्जेक्टवर नाही. म्हणजे कोऱ्या_प्रतीचा डिस्क्रिप्टर सगळ्या दुकानात मिळून एकच. त्याच्या सेल्फवर व्हॅल्यू ठेवलीत तर शेवटच्या पुस्तकाला जी दिली ती सगळ्या पुस्तकांना दिसणार. गंमत अशी की टेस्ट करताना आपण एकच पुस्तक बनवतो, त्यामुळे सगळं हिरवं दिसतं.

मग लोक सुचवतात की डिस्क्रिप्टरमध्ये डिक्शनरी ठेवा, ऑब्जेक्ट ही की आणि व्हॅल्यू ही व्हॅल्यू, आणि मेमरी लीक नको म्हणून वीक-की-डिक्शनरी (ऑब्जेक्ट संपला की त्याची नोंद आपोआप काढणारी) वापरा. वाचायला छान वाटतं पण तुमच्या केसमध्ये लगेच अडकाल, कारण उद्या दोन पुस्तकं एकच आहेत का हे बघायला तुम्ही डंडर ईक्यू लिहिणार, आणि ते लिहून डंडर हॅश (डिक्शनरीत की शोधायला लागणारा आकडा देणारी मेथड) नाही लिहिलं की पायथन त्या क्लासचा हॅश काढूनच टाकतो, ऑब्जेक्ट की म्हणून वापरता येत नाही. हॅशही लिहिलात आयएसबीएनवरून, तर एकाच आयएसबीएनची दोन वेगळी ऑब्जेक्टं त्या डिक्शनरीला एकच वाटणार, एकाची किंमत बदलली की दुसऱ्याची आपोआप. आणि स्लॉट्स (ऑब्जेक्टला डिक्शनरीऐवजी ठराविक फील्डंच देण्याची सोय) वापरले तर वीक रेफरन्ससाठी वेगळी सोय करावी लागते ती निराळीच.

सरळ मार्ग म्हणजे ऑब्जेक्टच्या डंडर डिक्टमध्ये (ऑब्जेक्टची स्वतःची व्हॅल्यूंची डिक्शनरी) त्याच नावाने ठेवा. फील्डचं नाव डंडर सेट नेममध्ये आपोआप मिळतं, ३.६ पासून, त्यामुळे नाव दोनदा लिहायची गरज नाही. त्याच नावाने ठेवलं तर डिस्क्रिप्टर बायपास होईल असं वाटतं पण होत नाही. शोधायचा क्रम असा आहे की डंडर सेट असलेला डिस्क्रिप्टर (ह्याला डेटा डिस्क्रिप्टर म्हणतात) आधी, मग ऑब्जेक्टचा डिक्ट, मग नुसता डंडर गेटवाला डिस्क्रिप्टर आणि क्लासवरची साधी व्हॅल्यू. तुमचा डेटा डिस्क्रिप्टर आहे म्हणून तो कायम पुढे. साधी मेथड म्हणजे फंक्शन, त्याला फक्त डंडर गेट असतं, म्हणून ऑब्जेक्टवर त्याच नावाची गोष्ट ठेवली की मेथड झाकली जाते. नियम एकच आहे, बाजू दोन.

आणखी दोन बारीक गोष्टी. डंडर गेटमध्ये ऑब्जेक्ट नन (काहीच नाही) आला, म्हणजे क्लासवरून विचारलं, तर डिस्क्रिप्टर स्वतःलाच परत करतो, ही नेहमीची पद्धत. पण तोच क्लास डेटाक्लास (फील्डांच्या यादीवरून कन्स्ट्रक्टर आपोआप लिहून देणारी पायथनची सोय) केलात तर डेटाक्लास डिफॉल्ट शोधायला नेमकं तेच विचारतो, त्याला डिस्क्रिप्टरच मिळतो आणि तोच डिफॉल्ट म्हणून बसतो. मग किंमत न देता पुस्तक बनवलं की तुमची तपासणी ओरडणार की किंमत म्हणून हे काय भलतंच ऑब्जेक्ट आलं. डेटाक्लास हवाच असेल तर अशा वेळी डंडर गेटने खरा डिफॉल्ट द्यावा किंवा ॲट्रिब्यूट एरर टाकावा, एरर टाकला की तो डिफॉल्ट नाही असं समजतो.

---

सिंहगडरोड_डेव्ह

इतकं डोकं चालवण्यापेक्षा जँगो (पायथनमधलं वेबसाठीचं तयार फ्रेमवर्क) घ्या ना राव. फील्ड, व्हॅलिडेशन, डेटाबेस, ॲडमिन स्क्रीन, सगळं तयार आहे. चाक परत कशाला शोधताय.

---

मुग्धाताई

जँगो घ्यायला हरकत काहीच नाही, ॲडमिन स्क्रीनसाठी तर मी पण घेईन. पण "व्हॅलिडेशन तयार आहे" हे अर्धवट आहे. जँगोत मॉडेलच्या फील्डला चुकीची व्हॅल्यू दिली तर त्या क्षणी कोणी काही बोलत नाही, आणि सेव्ह केलं तरी व्हॅलिडेटर आपणहून चालत नाहीत, फुल क्लीन (सगळी तपासणी चालवणारी मेथड) बोलवावं लागतं. मॉडेल फॉर्ममधून किंवा ॲडमिनमधून गेलात तर ते तुमच्या वतीने बोलवलं जातं, स्क्रिप्टमधून थेट सेव्ह केलंत तर नाही. पायडँटिकचंही (डेटा तपासणारी लायब्ररी) तसंच, ऑब्जेक्ट बनवताना तपासतो पण नंतर एखादं फील्ड बदललं तर तपासत नाही, त्यासाठी व्हॅलिडेट असाइनमेंट ही सेटिंग मुद्दाम चालू करावी लागते. ॲट्र्सचं (क्लास लिहायला सोपं करणारी लायब्ररी) नवीन डिफाइन वापरलं तर बदलतानाही व्हॅलिडेटर चालतो. तेव्हा लायब्ररी घेतली तरी नेमकं कुठल्या क्षणी तपासलं जातं हा प्रश्न सुटत नाही, तो विचारावाच लागतो.

आता दादा तुमचा दुसरा प्रश्न, सेव्ह कधी. गाइडमधलं उदाहरण डिस्क्रिप्टर शिकवायला आहे, दुकान चालवायला नाही. प्रत्येक इक्वल टूला कमिट म्हणजे काय होतं बघा. एक जुनं पुस्तक गेलं, तर जुन्या_प्रती एकने कमी, आणि समजा विक्रीच्या टेबलमध्ये एक ओळ. ह्या दोन वेगवेगळ्या कमिट झाल्या आणि मध्येच लाइट गेली (पेठेत गुरुवारी दुपारी, सांगायला नको) तर पुस्तक स्टॉकमधून गेलं आणि विक्री मात्र झालीच नाही, संध्याकाळी गल्ला जुळणार नाही आणि मामा पोराला धरणार. शिवाय वेग. एसक्यूलाइट इन्सर्ट सेकंदाला हजारोंनी करतो, पण कमिट म्हणजे डेटा खरोखर डिस्कवर पोचेपर्यंत थांबणं, आणि दुकानात जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर सेकंदाला काही डझनच होतात. मामा जूनमध्ये एका दमात पुस्तकांचे गठ्ठे आत घेणार तेव्हा हे जाणवेल.

मी असं करते. डंडर सेटचं काम तीन गोष्टींपुरतं. व्हॅल्यू तपासायची, ऑब्जेक्टच्या डिक्टमध्ये ठेवायची आणि ऑब्जेक्टवरच्या "बदललेली" ह्या सेटमध्ये (हा नावांचा संच, डंडर सेट नव्हे) फील्डचं नाव टाकायचं. डेटाबेसला हात नाही. मग सेव्ह नावाची मेथड त्या सेटमधल्या फील्डांचंच एक अपडेट बनवते, आणि बाहेर ट्रान्झॅक्शन असतं ज्यात स्टॉक आणि विक्री दोन्ही एकत्र जातात, नाहीतर दोन्ही जात नाहीत. बदललेली हा सेट सुद्धा ऑब्जेक्टवरच हं, डिस्क्रिप्टरवर नाही, वर कर्वेरोडवाल्यांनी सांगितलेलाच मुद्दा. अपडेटच्या वाक्यात व्हॅल्यूसाठी प्रश्नचिन्ह वापरायचं, कॉलमच्या नावाला प्रश्नचिन्ह चालत नाही ते वाक्यात जोडावं लागतं, पण ते नाव तुमच्या क्लासमधून येतंय, काउंटरवर कोणी टाइप केलेलं नाही, म्हणून चालतं.

विक्री_किंमत छापील_किमतीपेक्षा जास्त नको असली अट डिस्क्रिप्टरमध्ये घालू नका. डिस्क्रिप्टरला ऑब्जेक्ट दिसतो, त्यामुळे दुसरं फील्ड बघता येतं, पण मग कुठलं आधी दिलं ह्यावर सगळं अवलंबून राहतं. नवी छपाई आली, दोन्ही किमती वाढल्या, आणि कोणी विक्री_किंमत आधी लिहिली तर बरोबर व्हॅल्यूवरही एरर. दोन फील्डांची अट सेव्हमध्ये.

---

कर्वेरोडवरून

ताईंशी सहमत, फक्त डेटाबेसमधून पुस्तक लोड करताना काय ते राहिलं. लोड करतानाही डंडर सेटमधूनच न्या असं माझं मत, म्हणजे खराब डेटा लगेच पकडला जाईल.

---

मुग्धाताई

नाही हो, इथे मात्र माझं अगदी उलट मत आहे. लोड करताना डंडर सेटमधून नेलंत तर पहिली गोष्ट म्हणजे नुसतं उघडलेलं पुस्तक "बदललेलं" दिसेल. आणि त्याहून वाईट, उद्या तुम्ही नियम कडक केलात, म्हणजे समजा आयएसबीएनचा चेक डिजिट (नंबर बरोबर आहे का हे पडताळायचा शेवटचा आकडा) तपासायला लागलात, तर चुकीच्या नंबरची जुनी पुस्तकं उघडणारच नाहीत आणि उघडली नाहीत तर दुरुस्त कशी करणार? लोड करताना थेट डिक्टमध्ये भरा. खराब ओळी शोधायला वेगळी स्क्रिप्ट, रात्री चालवा, यादी सकाळी मामाच्या हातात.

---

कर्वेरोडवरून

दुरुस्तीचा मुद्दा मान्य. तरी पैशाच्या फील्डांना मी लोडवरही तपासेन, चुकीच्या किमतीला पुस्तक विकण्यापेक्षा ते न उघडलेलं परवडलं.

---

रात्रीचा_कोडर

तिसरा प्रश्न कोणीच घेतला नाही म्हणून मी.

विषय डॉट अपेंड ह्यात इक्वल टू कुठेय? नाही ना. पायथन आधी विषय वाचतो, म्हणजे डंडर गेट, त्यातून लिस्ट मिळते, आणि पुढचं अपेंड हे त्या लिस्टचं आणि तुमचं आपसातलं काम, डिस्क्रिप्टरला कळायचा संबंधच नाही. तपासणी पण झाली नाही, बदललेली मध्ये नाव पण गेलं नाही, म्हणून सेव्हला वाटलं काहीच बदल नाही. हा फक्त तुमच्या कोडचा प्रकार नाही, पायथनच्या शेल्व्ह मॉड्यूलमध्ये (ऑब्जेक्टं फाइलमध्ये टिकवणारं) अगदी हेच होतं, म्हणून तिथे राइटबॅक नावाचा ऑप्शन आहे जो वाचलेली प्रत्येक गोष्ट मेमरीत धरून ठेवतो आणि बंद करताना सगळंच परत लिहितो. झेडओडीबी ह्या पायथन ऑब्जेक्टांच्या डेटाबेसमध्ये ह्यासाठी साध्या लिस्टऐवजी पर्सिस्टंट लिस्ट असते, जी बदलली की स्वतःच स्वतःला बदललेली म्हणून नोंदवते.

आता मजा बघा. विषय प्लस इक्वल टू एक लिस्ट, असं लिहिलंत तर सेव्ह होतं! कारण त्यात गेट होतं, मग लिस्ट जागच्या जागी वाढते, मग सेट होतं. पण त्यात पण एक गोम आहे, सेटमध्ये तपासणी नापास झाली आणि एरर आला तरी लिस्ट आधीच वाढलेली असते. एरर पण मिळाला आणि चुकीचा विषय पण आत बसला. पुढच्या वेळी दुसऱ्याच कशासाठी ते फील्ड सेव्ह झालं की तोही गुपचूप फाइलमध्ये.

तुमच्यासाठी सोपा उपाय म्हणजे तपासणी करतानाच लिस्टचा टपल (जागच्या जागी न बदलणारी लिस्ट) करा आणि टपलच ठेवा. मग अपेंड केलं की तिथल्या तिथे ॲट्रिब्यूट एरर, गुपचूप काही हरवणार नाही. नवीन विषय घालायचा तर प्लस इक्वल टू आणि टपल, ते नवीन टपल बनवून सेटमधून जातं, आणि नापास झालं तर जुनं जसंच्या तसं. एका पुस्तकाला विषय असून असून किती असणार, प्रत्येक वेळी नवीन टपल बनला तरी काय फरक पडतो. फक्त लोड करतानाही जेसनमधून लिस्ट येते तिचा टपल करायला विसरू नका, नाहीतर परत तेच.

ह्यावरून लक्षात घ्या की तपासणीचं फंक्शन नुसतं हो-नाही सांगणारं नको, त्याने साफ केलेली व्हॅल्यू परत द्यावी आणि डंडर सेटने ती ठेवावी.

---

पेठेतला_पुस्तकवाला

टपल केला, तीन ठिकाणी लगेच एरर आले, तिन्ही ठिकाणी खरंच अपेंड होतं. ताईंचं बदललेली + सेव्ह पण घातलं. लोड मात्र ताईंसारखंच थेट डिक्टमध्ये, कर्वेरोडवाले माफ करा.

पण आता दोन विचित्र गोष्टी. सेव्ह करताना म्हणतो कोऱ्या_प्रती असा कॉलमच नाही. टेबल उघडून बघितलं, कॉलम आहे, डोळ्यांना तेच अक्षर! जुन्या_प्रती नीट चालतंय. आणि दुसरं, दोनशे रुपयांच्या आतली पुस्तकं दाखव म्हटलं की काही पुस्तकं येतच नाहीत, एकशे वीसवाली पण नाही. माझी किमतीची तपासणी इझ डिजिट (स्ट्रिंगमध्ये सगळे आकडेच आहेत का हे सांगणारी मेथड) वापरते, ती तर पास होतेय.

---

मुग्धाताई

दुसरं आधी. दुकानातला पोरगा किंमत मराठी कीबोर्डवरून टाकतो का? म्हणजे देवनागरीत १२०? इझ डिजिट देवनागरी आकड्यांनाही हो म्हणतं, पास. मग तुम्ही ती स्ट्रिंग तशीच ठेवलीत. एसक्यूलाइटच्या इंटिजर कॉलमला इंग्रजी आकड्यांची स्ट्रिंग दिली तर तो तिचा नंबर करून घेतो, पण देवनागरी आकडे त्याला कळत नाहीत, तो ती टेक्स्ट म्हणून तशीच ठेवून देतो, तक्रार न करता. आणि एसक्यूलाइटमध्ये कुठलाही टेक्स्ट हा कुठल्याही नंबरपेक्षा मोठा. म्हणून १२० हे दोनशेपेक्षा मोठं. टेबलमध्ये "किंमत शून्यापेक्षा मोठी" असा चेक घातला असता तरी तो ह्याच कारणाने पास झाला असता!

उपाय रात्रीच्या कोडरने सांगितलाच आहे, साफ केलेली व्हॅल्यू ठेवा. पायथनच्या इंट फंक्शनला देवनागरी आकडे बिनबोभाट कळतात, तेव्हा इंट करा आणि तो इंट ठेवा. ट्रू-फॉल्स मात्र वेगळे अडवा, पायथनमध्ये बूल हा इंटचाच प्रकार असल्यामुळे ट्रू प्रती हे चालून जातं. किंमत पैशांत इंटिजर ठेवा, फ्लोट नको, आणि डेसिमल एसक्यूलाइट मॉड्यूल थेट घेत नाही, त्याला ॲडॅप्टर लिहावा लागतो. आयएसबीएन बरोबर उलटा, तो नंबर दिसतो पण टेक्स्ट कॉलममध्येच ठेवायचा, जुन्या दहा आकडीत सुरुवातीचं शून्य असतं ते इंटिजर कॉलममध्ये उडतं आणि शेवटी कधीकधी एक्स येतो.

आणि कृपा करून टेबल स्ट्रिक्ट करा. एसक्यूलाइट ३.३७ पासून आहे, २०२१ चं व्हर्जन. मग इंटिजर कॉलममध्ये असला टेक्स्ट घातला की तो स्वतः एरर देतो. डिस्क्रिप्टर फक्त तुमच्या प्रोग्रॅममधून येणाऱ्याला अडवतो, उद्या कोणी डेटाबेस ब्राउझर उघडून हाताने आकडा बदलला तर तिथे टेबलचीच अट कामाला येते.

---

रात्रीचा_कोडर

कोऱ्या_प्रतीचं मला सांगू द्या, हे फक्त मराठीत होऊ शकतं 😄

कोऱ्या मधला तो अर्धा ऱ. युनिकोडमध्ये तो दोन तऱ्हेने लिहिता येतो, एक म्हणजे ऱ हे एकच अक्षर आणि दुसरं म्हणजे साधा र आणि त्याला नुक्ता (खालचा टिंब). दिसायला सेम. पायथन कोडमधल्या नावांना एनएफकेसी नॉर्मलाइज करतो (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करायची युनिकोडची पद्धत), म्हणजे क्लासमध्ये कसंही टाइप केलंत तरी डंडर सेट नेमला एकच अक्षरवालं रूप मिळणार. पण क्रिएट टेबलचं वाक्य ही तुमची स्ट्रिंग आहे, स्ट्रिंगला पायथन हात लावत नाही. ते वाक्य दुसऱ्या कीबोर्डवरून किंवा मोबाइलवरून आलेलं असेल तर टेबलमध्ये र आणि नुक्ता बसला, आणि एसक्यूलाइटच्या दृष्टीने ही दोन वेगळी नावं. जुन्या मध्ये ऱ नाही म्हणून ते चालतंय.

क्रिएट टेबल हाताने लिहू नका, क्लासमधल्या डिस्क्रिप्टरांवरूनच तयार करा, नाव, प्रकार, अट सगळं तिथे आहेच. गेटॲटर आणि सेटॲटरला स्ट्रिंग देताना पण हाच घोळ होऊ शकतो, तिथे युनिकोडडेटा मॉड्यूलमधून नॉर्मलाइज करून घ्या. (र नंतर झीरो विड्थ जॉइनर, म्हणजे न दिसणारं जोडचिन्ह, टाकणारे कीबोर्ड पण आहेत, तो नावात आला तर पायथन सरळ सिंटॅक्स एरर देतो, तेवढं बरंय.)

---

पेठेतला_पुस्तकवाला

नुक्ताच निघाला!! टेबल आता क्लासवरून बनवलं, स्ट्रिक्ट पण केलं.

शेवटचं एक. पुस्तकाची नवी आवृत्ती आली की जुन्याची कॉपी मॉड्यूलने कॉपी करून फक्त आयएसबीएन आणि किमती बदलायचा विचार आहे. चालेल?

---

कर्वेरोडवरून

नको. कॉपी आणि पिकल (ऑब्जेक्ट फाइलमध्ये टिकवायचं मॉड्यूल) दोन्ही ऑब्जेक्टचा डिक्ट थेट भरतात, डंडर सेट चालतच नाही, म्हणजे तपासणी नाही. साध्या कॉपीत "बदललेली" हा सेट दोघांचा एकच राहतो, नव्यात किंमत बदलली की जुनंही बदललेलं दिसणार. आणि डेटाबेसचा आयडी पण कॉपी होणार, मग सेव्ह केलं की नवी ओळ येणार नाही, जुन्या आवृत्तीवरच लिहिलं जाईल, जुन्या प्रतींचा हिशोब गेला. नवी_आवृत्ती अशी मेथड लिहा, तिने नाव आणि विषय घेऊन कन्स्ट्रक्टरमधून नवीन पुस्तक बनवायचं, आयडी नन, दोन्ही प्रती शून्य. आयएसबीएन आणि किमती तिच्या पॅरामीटरमध्येच मागा, डिफॉल्ट न देता.